यंत्रातला राग

उदगीरच्या शाळेत परिपाठाला पेटी वाजते, तेव्हा प्रत्येक पट्टी आपला ठरलेला स्वर देते. दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड तिला जमत नाही. अशाच आक्षेपांमुळे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. मग विजेवर चालणाऱ्या यंत्रातून राग उभा राहील का?

मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी हे करून पाहिले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते गिटार वाजवीत. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ तालयंत्र आणि टीबी-३०३ ही तीन वाद्ये जोडून भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली.

टीबी-३०३ हे मुळात बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवलेले यंत्र. त्यातील करवतीच्या दातांसारखी विद्युतलहर उपस्वरांनी भरलेली असते. विद्युत-गाळणी त्यातील वरच्या वारंवारतेचे उपस्वर कमी करते आणि आवाजाचा पोत बदलतो. वर्गात एकच स्वर धरून 'ऊ'पासून 'ई'पर्यंत जाऊन पाहा. स्वर तोच राहतो, रंग बदलतो. येथे गाळणीचे काम तोंडाची पोकळी करते. शिवाय या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पेटीत नेमके हेच नव्हते.

ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. यंत्रही चालले नाही. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्राची गाळणी फिरवत 'ॲसिड हाउस' हे नृत्यसंगीत घडवले. सिंग यांची ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा ते साम्य ऐकून श्रोते चकित झाले. 'याचा जनक मुंबईचाच' असेही म्हटले गेले.

येथे आपण सावध राहावे. आधी घडले म्हणून ते नंतरच्याचे कारण ठरत नाही. शिकागोच्या तरुणांनी सिंग यांना ऐकले होते, याचा पुरावा नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी दोन कानांना वेगवेगळ्या कारणांनी भावले, एवढेच म्हणता येते. सिंग यांचे श्रेय त्याने कमी होत नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपच्या रंगमंचांवर हे राग वाजवले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. 'पहिला कोण?' या प्रश्नाआधी विद्यार्थ्यांना 'त्याने काय ऐकले?' हे विचारायला शिकवावे, असे आम्हाला वाटते.