फ्रोबेलच्या देणग्या



गेल्या महिन्यांत माझ्या नातवाचा तिसरा वाढदिवस झाला. त्यास एखादें खेळणें घ्यावें म्हणून मी बाजारांत गेलों. दुकानदार मोठा सौजन्यशील गृहस्थ होता. त्यानें माझ्यापुढें एकामागून एक खोकीं मांडलीं, आणि प्रत्येक खोक्याबरोबर त्याचें एक वाक्य ठरलेलें होतें : "आजोबा, हें एज्युकेशनल आहे." कळ दाबतांच इंग्रजी मुळाक्षरें म्हणणारी बाहुली एज्युकेशनल, गाईम्हशींचे आवाज काढणारी पेटी एज्युकेशनल, फार काय, दिवे लुकलुकणारी एक मोटारहि एज्युकेशनल! मीं आयुष्याचीं छत्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविलीं. परंतु खेळण्यानें कांहीं तरी शिकविलेंच पाहिजे ही अट प्रथम कोणीं घातली असावी, हा प्रश्न त्या दुकानांत उभा राहीपर्यंत मला कधीं पडला नव्हता. रिकाम्या हातानें घरीं परत आलों आणि जुनीं पुस्तकें काढून बसलों. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

खेळणीं फार प्राचीन आहेत हें सांगावयास नकोच. मोहेंजोदडो येथील उत्खननांत मातीच्या चिमुकल्या बैलगाड्या सांपडल्या आहेत. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचें नांवच मुळीं एका खेळण्यावरून पडलें आहे : चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसून सोन्याच्या गाडीसाठीं रडूं लागतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत घालते. आपल्याकडे ठकी होती, भातुकली होती, सागरगोटे होते, सावंतवाडीच्या चितारअळींतील रंगीत लांकडी फळें आणि भांडीं होतीं. सागरगोटे खेळतांना मुलीचा हात आणि दृष्टि कशी तरबेज होते हें कोणीहि पाहून घ्यावें. पण 'मुलीचा हात तयार व्हावा म्हणून हे सागरगोटे आणले' असें म्हणणारी आजी माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

खेळांत विद्या लपविण्याची कल्पना युरोपांत मूळ धरूं लागली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९३ सालीं शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. फांशांच्या बाजूंवर अक्षरें चिकटवून मुलास खेळतां खेळतां वाचावयास शिकवावें, ही युक्ति त्यांत सांगितलेली आहे. मात्र त्याच लॉकनें मुलांना विकत आणलेलीं खेळणीं ढिगानें देऊं नयेत, त्यांचीं त्यांना करूं द्यावींत, असाहि आग्रह धरला आहे. हा दुसरा उपदेश दुकानदारांस अर्थातच सोयीचा नव्हता! पुढें १७६० च्या सुमारास लंडनमधील जॉन स्पिल्सबरी नांवाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिरानें नकाशा पातळ लांकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमारेषांवरून तो कापला आणि ते तुकडे भूगोल शिकविण्यासाठीं विकले. आज घरोघरीं दिसणाऱ्या तुकडे जुळविण्याच्या कोड्याचा हाच पूर्वज होय.

परंतु हे सारे शिक्षकांचे डावपेच झाले. मुलांस पढवावयाचें होतें तें खेळण्यांत गुंडाळून पुढें केलें, इतकेंच. खेळ हाच बालवयाचा मुख्य उद्योग आहे असें मानून त्यासाठीं साधनें रचण्यांत ज्यानें आपलें उत्तरायुष्य वेंचलें, तो पुरुष म्हणजे जर्मनींतील फ्रीडरिश फ्रोबेल. आपल्या गांवोगांवच्या शाळांच्या पाट्यांवर 'के. जी.' हीं दोन अक्षरें दिसतात, तीं याच गृहस्थाच्या शब्दाचीं. मात्र त्या शब्दाबरोबर त्यानें एक लांकडी पेटीहि दिली होती, आणि ती बहुतेकांस ठाऊक नसते.

फ्रोबेलचा जन्म १७८२ सालीं थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखांत, ओबरवाइसबाख या खेड्यांत झाला. तो वर्षाचा होण्यापूर्वींच त्याची आई वारली. बाप धर्मोपदेशक, त्यास सवड नसे, आणि सावत्र आईस माया नव्हती. असलें पोर रानावनांत वाढावें यांत नवल नाहीं. पंधराव्या वर्षीं त्यास एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. पुढें तो शिक्षक झाला आणि स्वित्झर्लंडांत पेस्तालोझीच्या शाळेंत राहून आला. त्यानंतर बर्लिन येथील खनिजसंग्रहालयांत वाइस नांवाच्या प्राध्यापकाचा मदतनीस म्हणून त्यानें दोनएक वर्षें काम केलें. स्फटिकांचे कोन मोजावयाचे, त्यांचे प्रकार लावावयाचे, हें तेथील काम. बारीकसा मिठाचा कण घ्या कीं मोठा खडा घ्या, त्याचा आकार घनाचाच असतो. निसर्ग मोजक्याच आकृतींवर सारी सृष्टि रचतो, ही गोष्ट फ्रोबेलच्या मनांत तेथेंच ठसली असावी. कारण वीस वर्षांनीं त्यानें मुलांसाठीं खेळणीं केलीं, तेव्हां बाहुला नाहीं, घोडा नाहीं, शिपाई नाहीं. चेंडू, घन आणि चिती एवढेंच.

१८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या लहानशा गांवीं त्यानें या साधनांचें काम सुरू केलें आणि त्यांस 'गाबे', म्हणजे देणगी, असें नांव दिलें. पहिली देणगी म्हणजे दोरी लावलेले लोंकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे. दुसरींत लांकडाचा गोल, घन आणि चिती. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांचा मिळून झालेला एक घन. चौथींत तेवढाच घन, पण विटांसारख्या आठ लांबट तुकड्यांचा. पांचवी आणि सहावी याहून गुंतागुंतीच्या. पांचवींत सत्तावीस घन, त्यांतील कांहीं तिरपे कापलेले.

तिसऱ्या देणगीपाशीं मी थोडा थांबतों, कारण फ्रोबेलचें सारें मर्म तींत आहे. ती द्यावयाची रीतहि ठरलेली होती. पेटी मुलापुढें उपडी ठेवावयाची, झांकण हलकेच सरकवून काढावयाचें आणि पेटी वर उचलावयाची. मुलास प्रथम दिसावा तो अखंड घन. तो फोडून आंत काय आहे हें पाहावयाची ओढ त्यास आपोआप लागते. मूल वस्तु मोडतें म्हणून आपण त्यास रागावतों. फ्रोबेलनें मोडावयाची सोयच करून दिली, आणि मोडलेलें पुन्हां जोडतां येतें हेंहि त्याच्या हातीं ठेवलें. त्या आठ ठोकळ्यांची कधीं खुर्ची होई, कधीं पायऱ्या, कधीं वेस. कधीं फुलासारखी नुसतीच शोभेची आकृति, आणि कधीं अर्धें, पाव, अष्टमांश असा हिशेब. एक नियम मात्र कडक असे. प्रत्येक रचनेंत आठहि ठोकळे आले पाहिजेत, आणि जुनी रचना उधळून न देतां तिच्यांतूनच नवी काढली पाहिजे. हा नियम मला वाचतांना फार आवडला. वर्गांत तो पाळून घ्यावा लागला असता तर कितपत आवडता, याची मात्र शंका आहे.

संस्थेस नांव सांपडत नव्हतें. १८४० सालीं एकदां सहकाऱ्यांसह टेकडीवरून ब्लांकेनबुर्गकडे चालत असतां फ्रोबेलला एकदम 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हा शब्द सुचला, अशी हकीकत त्याच्या सहकाऱ्यानें लिहून ठेवली आहे. पण त्या बागेचें भाग्य थोड्याच दिवसांचें ठरलें. १८५१ च्या ऑगस्टांत प्रशियाच्या सरकारनें किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप काय, तर नास्तिकपणा आणि समाजवाद! कार्ल फ्रोबेल या त्याच्या पुतण्याच्या मतांमुळें सरकारचा चुलत्यापुतण्यांत घोटाळा झाला होता; तो निस्तरण्याचा म्हाताऱ्यानें प्रयत्न केला, पण कोणीं ऐकलें नाहीं. पुढील वर्षीं जून महिन्यांत तो निवर्तला. बंदी उठली ती १८६० सालीं. त्याच्या थडग्यावर एकावर एक रचलेले घन, चिती आणि गोल आहेत.

बंदीनें एक विपरीत गोष्ट घडविली. फ्रोबेलच्या शिष्यिणी देशोदेशीं पांगल्या आणि त्यांच्याबरोबर पेट्याहि गेल्या. अमेरिकेंत मिल्टन ब्रॅडली या कारखानदारानें १८६९ नंतर त्या पेट्या तयार करून विकण्यास आरंभ केला. १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत एका बाईनें त्या पाहिल्या आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठीं आणल्या. तो मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेला स्थापत्यकार फ्रँक लॉइड राइट. ते गुळगुळीत लांकडी ठोकळे आपल्या बोटांतून कधींच गेले नाहींत, अशा अर्थाचें त्यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. आतां, ठोकळे दिले म्हणजे स्थापत्यकार होतो असें मात्र कोणीं समजूं नये. तसें असतें तर सुतारांच्या घरीं दुसरें कोणी जन्मास आलेंच नसतें.

आणि इतक्यांत ज्याची भीति वाटावी तें झालें. देणग्यांच्या पेट्या शाळांतून ओळीनें मांडल्या जाऊं लागल्या. बाईंनीं 'पेटी उचला' म्हटलें कीं साऱ्या वर्गानें उचलावयाची, 'डावा ठोकळा वर' म्हटलें कीं डावा वर. खेळाची कवाईत झाली. रोमच्या सान लोरेंझो वस्तींत १९०७ सालीं बालगृह काढणाऱ्या डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनीं ही कवाईत मोडून काढली. एकेका मुलानें हवें तें साधन घ्यावें, हवा तितका वेळ वापरावें, पुन्हां जागेवर ठेवावें. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा त्यांचा गुलाबी मनोरा प्रसिद्धच आहे; तो चुकीचा रचला तर मूल स्वतःच्या डोळ्यांनींच चूक ओळखतें. १९३९ सालीं त्या अड्यारला आल्या, आणि महायुद्धांत इटालियन म्हणून इंग्रज सरकारच्या नजरेखालीं त्यांना हिंदुस्थानांतच राहावें लागलें. पण त्यापूर्वींच गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें होतें, आणि ताराबाई मोडक त्यांच्या कार्यांत सामील झाल्या होत्या.

ताराबाईंचें मोठेपण मला निराळ्याच ठिकाणीं दिसतें. १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्या खेड्यांतील मुलांसाठीं काम करूं लागल्या, आणि सोबत अनुताई वाघ होत्या. तेथें रंगीत, पॉलिश केलेलीं, मोजून मापून घडविलेलीं साधनें आणावयाचीं कोठून, आणि परवडावयाचीं कोणास? तेव्हां समुद्रकांठचे शिंपले, बिया, खडे, पानें, काड्या, असें जें जें भोंवतीं होतें तेंच साधन झालें. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, असें ठरलें. अंगणवाडी हा शब्द देशभर गेला आहे. १९७५ सालीं सरकारनें बालविकासाची मोठी योजना आंखली तेव्हां तिनें तोच उचलला.

हें सारें मी सांगतों खरा, पण सांगण्याचा माझा अधिकार किती आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. माझ्या नोकरीच्या मध्यावर आमच्या शाळेंत सरकारी योजनेंतून लांकडी साधनांची एक पेटी आली. तींत ठोकळे होते, मणी होते, आकृत्या बसविण्याच्या फळ्या होत्या. त्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरांत झाली आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली. तुकडा हरवला तर भरून द्यावा लागेल असें वरून बजावण्यांत आलें होतें. मीं ती पेटी कपाटांत ठेवली व किल्ली जानव्यास बांधावी तशी जपली. साहेब तपासणीस आले कीं ती टेबलावर मांडावयाची, ते गेले कीं आंत. पहिलींतील एक मुलगा त्या कपाटाच्या कांचेस नाक लावून उभा राहत असे. 'गुरुजी, तें कधीं काढणार?' असें त्यानें दोनदां तरी विचारलें, आणि मीं 'परीक्षा होऊं दे' असें उत्तर दिलें. पहिलीच्या मुलाची कसली परीक्षा! निवृत्त होतांना कार्यभार देण्यासाठीं पेटी उघडून यादीशीं ताडून पाहिली. एकहि तुकडा कमी भरला नाहीं. रंगसुद्धां उडाला नव्हता.

वाढदिवसास, शेवटीं, आमच्या गल्लींतील सुताराकडून सागवानाचे आठ ठोकळे कापून घेतले आणि कडा घांसवून आणल्या. नातवानें त्यांची खुर्चीहि केली नाहीं आणि वेसहि नाहीं. पहिले आठ दिवस तो ते डब्यांत भरीत होता आणि ओतीत होता. फ्रोबेलचा नियम त्याला सांगावयाचें धाडस मीं केलें नाहीं. आठांपैकीं दोन ठोकळे सध्यां सांपडत नाहींत.