काठीची होळी: अंगावर वागवलेला नवस

फाल्गुन पौर्णिमा, साल 1935. कळसाडी गावाहून परवा निघालेली तुमची बैलगाडी तळोदा मागे टाकून अक्कलकुव्याला थांबली आहे. पुढे सातपुड्याची चढण, पायीच चढायची. नंदुरबार अजून जिल्हा झालेला नाही, त्याला 1998 उजाडावे लागेल. हा मुलूख पश्चिम खानदेशातला, आणि तुम्ही निघालात ते काठी या मेवासी संस्थानाकडे.

काठीजवळ पोचेपर्यंत रात्र पडते. माणसे दिसण्याआधी ढोल ऐकू येतो. मग चांदण्यात मोरपिसांचे उंच टोप हलू लागतात. हे बुध्या, नवसाने नाचणारे. उघड्या अंगावर राखेचे पट्टे आणि ठिपके, कमरेला जड घुंगरू आणि वाळलेले भोपळे. पाय आपटला की सगळे एकदम खुळखुळते. तुम्ही एका बुध्याच्या भोपळ्याला हात लावायला जाता, तोच शेजारचा म्हातारा अडवतो: “नको दादा, पालनी आहे त्याची.”

पालनी म्हणजे नवसाचे नेम. आता नीट बघा. त्याचे पाय अनवाणी आहेत. नवस घेतल्यापासून तो खाटेवर झोपलेला नाही, बायकोपासून दूर आहे, अंघोळही टाळली आहे. घरच्यांना आजार नको, गावाला सुख लाभो, यासाठी हे सगळे. मोरपीस, राख, घुंगरू पाहून गावाला कळते की हा माणूस शब्दाने बांधलेला आहे.

मैदानाच्या मध्यात खड्डा आहे. तो अवजाराने नव्हे, हातांनी उकरलेला. त्यात झाडापेक्षा उंच, सरळ बांबू उभा राहतो. दाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन वाहिले जातात. इथली होळी संध्याकाळी पेटत नाही; रात्रभर नाचून झाल्यावर पहाटे पेटते, आणि ज्वाळांभोवती बुध्यांचा फेर वेग घेतो.

अंगावर खूण वागवण्याची रीत इतरत्रही आहे: याच मार्च महिन्यात, 17 तारखेला, आयर्लंडमध्ये लोक तीन पानांची शॅमरॉक कोटाला खोचतात. तिथे एवढेच पुरते. इथे अख्खे अंग खूण होते, आणि ती वागवायची तर आधी दिवसच्या दिवस नेम पाळावे लागतात.

आज काठीला पक्का रस्ता जातो आणि होळीला कॅमेऱ्यांची गर्दी होते. तुम्हीही जा. मात्र फोटो काढण्याआधी विचारा, आणि त्या साजाला ‘वेशभूषा’ म्हणू नका. तो नवस आहे.