चरबीचा फुगा आणि लिव्हरची खोड

मे २०२१ आठवतोय? ऑक्सिजन बेड आणि रेमडेसिवीरची शोधाशोध जरा कमी होतेय म्हणेपर्यंत व्हॉट्सॲपवर एक नवंच नाव फिरायला लागलं. 'लायपोसोमल अँफोटेरिसिन बी'. कोविडमधून उठलेल्या माणसाचा गाल सुजायचा, डोळा दुखायचा आणि डॉक्टर म्हणायचे, म्युकरमायकोसिस. म्हणजेच काळी बुरशी. जून संपेपर्यंत देशात ४० हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

त्या दिवसांत सगळ्यांनी 'अँफोटेरिसिन' हा जीभ अडखळणारा शब्द पाठ केला. मला आज तुमच्याशी बोलायचंय ते त्याच्या आधीच्या शब्दाबद्दल: 'लायपोसोमल'. कारण तुटवडा मुख्यतः त्याचा होता. आणि या एका शब्दाच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, ज्यात जीवशास्त्र, वैद्यक आणि पदार्थविज्ञान एकमेकांत इतके गुंतलेत की कुठलं कुठे संपतं ते सांगता येत नाही.

औषध जुनंच होतं

अँफोटेरिसिन बी सापडलं १९५० च्या दशकात. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतला एक जिवाणू ते तयार करतो. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हे औषध त्याला जाऊन चिकटतं, आवरण गळकं होतं आणि बुरशी मरते.

अडचण अशी की आपल्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉलचा सख्खा भाऊ शोभेल असा पदार्थ असतो, कोलेस्टेरॉल. औषधाची दोघांत थोडी गल्लत होते. त्यामुळे सलाईनमधून हे औषध सुरू केलं की थंडी वाजून ताप भरतो आणि मुख्य म्हणजे किडनीला इजा होते. इंग्रजी बोलणारे डॉक्टर त्याला गमतीनं 'अँफो-टेरिबल' म्हणतात. रुग्णाला ही गंमत वाटत नाही. डोस वाढवावा तर किडनी जाते, कमी ठेवावा तर बुरशी वाचते.

म्हणजे औषधाच्या ताकदीत काही कमी नव्हतं. त्याला पत्ता नीट माहीत नव्हता, एवढंच.

ज्याला औषध करायचंच नव्हतं

आता जरा मागे जाऊ. १९२५ साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी एक साधा प्रयोग केला. रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यांतली सगळी चरबी वेगळी काढली आणि ती पाण्यावर पसरवली. मिसळीवर तर्री पसरते तशी, पण एका रेणूच्या जाडीची. मग त्या पसरलेल्या थराचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं. त्यांनी निष्कर्ष काढला की पेशीचं आवरण चरबीच्या दोन थरांचं असणार.

ही चरबी म्हणजे फॉस्फोलिपिड. या रेणूला एक डोकं असतं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना अजिबात आवडत नाही. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप रांगेत उभे राहतात: डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. बिस्किटाच्या पुड्यावर 'सोया लेसिथिन' लिहिलेलं असतं ना, ते याच कुळातलं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत ॲलेक बँगहॅम यांनी हेच लेसिथिन पाण्यात घोळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. सोबत होते सूक्ष्मदर्शकाचे तज्ज्ञ हॉर्न. दिसलं काय, तर कांद्यासारखे एकात एक पदर असलेले गोळे, आणि त्यांचे पदर हुबेहूब पेशीच्या आवरणासारखे. १९६४ साली हे काम छापून आलं. पुढच्याच वर्षी बँगहॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे गोळे बंद फुगे आहेत: आत कोंडलेले क्षार पटकन बाहेर येत नाहीत. त्यांना 'लायपोसोम' हे नाव पडलं ते नंतर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बँगहॅम यांना कुठलंही औषध बनवायचं नव्हतं. पेशीचं आवरण कसं असतं, त्यातून काय आत-बाहेर जातं, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. आज असा प्रकल्प घेऊन निधी मागायला गेलात तर पहिला प्रश्न येईल, 'याचा उपयोग काय?'

लिव्हरची खोड

उपयोगाचा विचार पहिल्यांदा ठळकपणे मांडला ग्रेगरी ग्रेगोरिआडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी, १९७१ मध्ये. फुगा बंद आहे, आत काहीतरी कोंडता येतं, मग औषधच का कोंडू नये? त्यांनी एन्झाइम कोंडून उंदरांना टोचलं. ते गेलं कुठे? बहुतेक सगळं लिव्हर आणि प्लीहेत.

याचं कारण सोपं आहे. या दोन अवयवांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. रक्तातून येणारा कचरा गिळणं हे त्यांचं काम. चरबीचा अनोळखी फुगा त्यांच्या दृष्टीनं कचराच. कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध न्यायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी ही फारच वाईट बातमी होती. वाटेतच माल लुटला जात होता.

यावर दोन प्रकारे विचार झाला. पहिला म्हणजे लपून जा. जेरुसलेममध्ये बॅरनहोल्झ आणि गॅबिझॉन यांनी डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध लायपोसोममध्ये भरण्यावर अनेक वर्षं काम केलं. फुग्यावर पीईजी नावाच्या पॉलिमरचा केसाळ थर चढवला की मॅक्रोफेजना तो लवकर ओळखता येत नाही. या पद्धतीचं 'डॉक्सिल' १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं.

दुसरा विचार मला जास्त आवडतो. फुगा लिव्हरकडेच पळतोय ना, मग लिव्हर-प्लीहेतलाच आजार शोधा! काळा आजार, म्हणजे एकेकाळी बिहारमध्ये शेकडो माणसं मारणारा लीशमॅनियासिस, हा असाच आहे. वाळूमाशी चावते आणि परजीवी जाऊन बसतो तो थेट मॅक्रोफेजच्या पोटात. म्हणजे जी पेशी लायपोसोम गिळते, तिच्याच आत शत्रू आहे. अँफोटेरिसिन या परजीवीवरही चालतं. औषध लायपोसोममधून दिलं की ते बरोबर तिथेच पोचतं आणि किडनीच्या वाट्याला कमी येतं. खोडच गुण ठरली.

परळचा धागा

आपल्याकडच्या वाचकांना सहसा माहीत नसलेला भाग आता येतो. लायपोसोमल अँफोटेरिसिनचं परदेशी उत्पादन 'अँबिसोम' १९९० च्या सुमारास युरोपात आलं. ते महाग होतं. भारतात याच औषधाचं स्वतंत्र रूप बनवण्याचं काम दिल्ली विद्यापीठात प्रा. बिमल कुमार बच्छावत यांच्या प्रयोगशाळेत आणि मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटानं केलं. त्यातून 'फंगीसोम' आलं.

फंगीसोमची एक गंमत आहे. ते द्रव रूपात मिळतं आणि रुग्णाला देण्याआधी ध्वनिलहरींच्या यंत्रात, म्हणजे सोनिकेटरमध्ये, सुमारे ४५ मिनिटं ठेवावं लागतं. त्यानं मोठे फुगे फुटून छोटे होतात. कारखान्यातलं एक पाऊल चक्क वॉर्डात आणलेलं! महागडी यंत्रणा हाताशी नसताना काढलेला हा तोडगा मला कमाल वाटतो.

बिहारचंही सांगतो. २०१० साली डॉ. श्याम सुंदर यांच्या गटानं काळ्या आजाराच्या ४१२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल छापले. साध्या अँफोटेरिसिनच्या १५ सलाईन, २९ दिवस दवाखान्यात राहून. आणि लायपोसोमलचा एकच डोस. सहा महिन्यांनी बरे असलेले रुग्ण: ९६.३ टक्के आणि ९५.७ टक्के. म्हणजे गुण जवळजवळ सारखाच. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी २९ दिवस कुठे आणि एक दिवस कुठे!

मग २०२१ मध्ये मिळेना का?

औषध माहीत होतं, भारतात बनत होतं, अंबरनाथपासून अनेक ठिकाणी कारखाने होते. तरी लोक वणवण का फिरले? यातलं गणित बघा. म्युकरमायकोसिसला लायपोसोमलचा डोस साधारण दर किलो वजनाला दिवसाला ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. एका वायलमध्ये ५० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला सहा वायल, आणि हे कित्येक आठवडे. तीन आठवडे धरले तरी एका माणसाला १२६ वायल! एका वायलची किंमत काही हजार रुपये. वर हा आजार एरवी दुर्मीळ, त्यामुळे कारखान्यांची तयारी त्या दुर्मीळपणाच्या मापाची.

बरं, उत्पादन एका रात्रीत वाढवता येत नाही. प्रयोगशाळेत लायपोसोम बनवणं सोपं आहे. लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, काचेच्या गोल फ्लास्कमध्ये फिरवत क्लोरोफॉर्म उडवून लावा, तळाशी पातळ पापुद्रा राहील. पाणी घालून हलवा, दुधासारखं पांढुरकं पाणी तयार. तुम्हालाही अर्ध्या दिवसात शिकवता येईल. पण हेच शेकडो लिटरला करायचं, प्रत्येक फुगा १०० नॅनोमीटरच्या आत ठेवायचा, एकही जंतू नको, सगळं औषध फुग्याच्या पदरातच राहायला हवं, आणि आज बनवलेली खेप कालच्यासारखीच हवी. त्यासाठी लागणारं अतिशुद्ध लिपिड बनवणारे कारखाने जगातच मोजके. ही अडचण बुरशीची नव्हती, पदार्थविज्ञानाची होती.

आणि ही सूचना आधी मिळाली होती. २०११ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल बनवून देणारा एक कारखाना बंद पडला आणि कॅन्सरच्या रुग्णांचे उपचार अडले. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं तात्पुरती आयात मान्य केली ती 'लिपोडॉक्स'ची. बनवणारी कंपनी मुंबईची, सन फार्मा. म्हणजे कौशल्य आपल्याकडे होतं. पण एखाद्या औषधाची गरज अचानक अनेक पटींनी वाढली तर कच्चा माल कुठून येणार, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या यादीत वर नव्हता.

त्याच फुग्याचा धाकटा भाऊ

याच काळात कॅनडात व्हँकुव्हरला पीटर कलिस आणि सहकारी दुसऱ्याच खटाटोपात होते. त्यांना आरएनए पेशीच्या आत न्यायचा होता. आरएनएवर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचं लिपिड वापरलं की दोघं छान चिकटतात. पण कायम धन भार असलेलं लिपिड शरीराला विषारी. तोडगा असा निघाला की रक्तात असताना निर्भार आणि पेशीच्या आतल्या आम्ल पिशवीत शिरल्यावरच धन भार घेणारं लिपिड बनवायचं. हा झाला लिपिड नॅनोकण. लायपोसोमसारखा पोकळ नाही, आतून भरीव.

तो पहिल्यांदा मंजूर झाला ऑगस्ट २०१८ मध्ये, 'ऑनपॅट्रो' या औषधात. आजार आनुवंशिक, आणि दोषी प्रथिन बनतं कुठे? लिव्हरमध्ये. पुन्हा तीच खोड कामी आली. दोनच वर्षांत कोविडच्या एमआरएनए लशी याच कणांत बसून आल्या. आरएनएचे घटक बदलून तो शरीराला खपेल असा करणाऱ्या कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. चरबीच्या कणाला मात्र त्यात वाटा नव्हता.

फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांची थंडी लागायची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कुठून आणणार? पुण्याच्या जिनोव्हा कंपनीनं लस गोठवून वाळवून भुकटीच्या रूपात आणली. ती २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रीजच्या तापमानात टिकते. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली.

आणि अगदी अलीकडचं: फिलाडेल्फियात २०२५ च्या फेब्रुवारीत एका तान्ह्या बाळाला फक्त त्याच्यासाठी बनवलेलं जनुक-दुरुस्तीचं औषध दिलं गेलं. एका एन्झाइमच्या दोषामुळे त्याच्या रक्तात अमोनिया साचत होता. एकाच अक्षराची ती चूक दुरुस्त करणारं औषध सुमारे सहा महिन्यांत तयार झालं. बाळ पूर्ण बरं झालं असा दावा डॉक्टरांनी केला नाही, पण त्याला जास्त प्रथिनं पचू लागली आणि औषधांची मात्रा कमी करता आली. बातम्यांत सगळीकडे क्रिस्पर झळकलं. ते पेशीपर्यंत नेलं कुणी? लिपिड नॅनोकणानं. आणि हे इतक्या लवकर का जमलं? कारण बिघडलेलं एन्झाइम लिव्हरचं होतं.

यातच पुढचा प्रश्नही दडलाय. स्नायू, मेंदू, फुप्फुस इथले आनुवंशिक आजार कितीतरी आहेत, पण कण आपला लिव्हरकडेच पळतो. १९७१ मध्ये दिसलेली खोड अजून पुरती सुटलेली नाही. जगभरातल्या प्रयोगशाळा आज लिपिडचं डोकं, शेपटी, भार बदलून बदलून तिच्याशी झगडताहेत.

तेव्हा यापुढे 'क्रांतिकारी उपचार सापडला' अशी बातमी वाचलीत की दोन साधे प्रश्न विचारा. हे औषध नेणारं वाहन कुठलं? आणि ते वाहन दहा हजार माणसांसाठी बनवायची वेळ आली, तर बनवणार कोण? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात सापडेल. दुसऱ्याचं उत्तर गरज पडायच्या आधी शोधून ठेवावं लागतं. १२६ वायलींचा हिशेब ज्यांना करावा लागला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.