टिळकांनी मिशन सोडलं, मंडळी सोडली नाही

मागच्या वेळी चर्चा संपता संपता एक प्रश्न आला होता: चर्चमधल्या माणसांचाच वैताग आला, तर तिथे राहायचं कशाला? याचं उत्तर आज आपण रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात शोधू.

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. किंमत काय मोजली? घर, जात, नातेवाईक सगळं दुरावलं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. म्हणजे ज्या मंडळीसाठी एवढं सोडलं, ती आता टिळकांचं घरच झाली होती.

आणि या घरात काय दिसलं? अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी नगर भागात शाळा काढल्या, दुष्काळात माणसं जगवली, हे खरंच आहे. पण पैसा मिशनचा, म्हणून शेवटचा शब्दही मिशनऱ्यांचा. इथला ख्रिस्ती माणूस पगारी नोकर. उपासनेत मराठी शब्द पुष्कळदा विलायती चालींवर गायचे. टिळकांना हे खुपत होतं. ख्रिस्त आपला, मग त्याच्याकडे जायची वाट परकी का?

इथे एक लक्षात घ्या. त्यांनी नुसती तक्रार केली नाही. अभंग, भजनं लिहिली, कीर्तनं केली. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचं संपादनही त्यांनी सांभाळलं.

तरी गाठ सुटेना. शेवटी १९१७ साली, बावीस वर्षांनंतर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार गेला. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सोडलंच की! आम्हांला तसं वाटत नाही. मिशन आणि मंडळी या दोन गोष्टी आहेत. त्यांनी सोडली ती नोकरी. गाणी मंडळीसाठीच लिहिली, आणि ‘ज्ञानोदय’ही सोडला नाही. भांडण घरातलं होतं, घराशी नव्हतं.

९ मे १९१९ रोजी ते गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. त्यांच्यामागे तो फार टिकला नाही. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पण रविवारी नगरच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन बसा. पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन कानावर येईल. ज्या माणसांवर ते चिडले, त्यांचीच नातवंडं-पतवंडं ते गातात.

प्रत्येकानं राहावंच, असं आम्ही म्हणणार नाही. पण राहायचं तर गप्प बसून नव्हे, एवढं टिळकांकडून घेता येतं.