आपलाच आवाज, पण परका

रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकून तोंड वाकडं न करणारी माणसं थोडीच. फोटोचंही तसंच. घोळक्याच्या फोटोत आपण आधी स्वतःला शोधतो आणि नाराजही आधी स्वतःवरच होतो. ही नावड यंत्रांइतकीच जुनी आहे. त्याआधी आपला आवाज बाहेरून ऐकायची सोय म्हणजे फार तर डोंगरातून परत आलेली हाक.

शरीरशास्त्राने याचं एक उत्तर दिलेलं आहे. बोलताना आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो, एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने १९४९ साली दाखवलं की या दोन्ही वाटांचा वाटा जवळपास सारखा असतो. हाडांतून खालचे स्वर जास्त पोचतात, म्हणून आतून ऐकू येणारा आपला आवाज भरदार वाटतो. यंत्राला मात्र फक्त हवेतला आवाज मिळतो. फोटोबाबत १९७७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात स्त्रियांना स्वतःच्या फोटोची आरशासारखी उलटी प्रत आवडली, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ प्रत. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला बरं वाटतं.

पण सगळा प्रश्न हाडांचा आणि आरशाचाच असता, तर ज्यांचा आवाज हेच ज्यांचं जगणं होतं, त्यांनी यंत्राकडे पाठ का फिरवली? नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करू लागला, तेव्हा गाणाऱ्याला कर्ण्यासमोर तोंड धरून तीनेक मिनिटांत राग आटोपावा लागे. मायक्रोफोन नव्हता. आवाजातल्या बारकाव्यांचा बराच भाग तबकडीवर उतरतच नसे. गौहरजान त्या चौकटीत लीलया गायल्या. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांचं गाणं मात्र आज एकाही तबकडीवर ऐकायला मिळत नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मोजक्या तबकड्या दिल्या आणि पुढे यंत्राशी अंतर राखलं. रेडिओवरही त्या गायल्या नाहीत. त्याच केसरबाईंची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. व्हॉयेजर-१ पाच सप्टेंबरला सुटलं, केसरबाई सोळा सप्टेंबरला गेल्या.

या गायकांना स्वतःच्या आवाजाची लाज नव्हती. आपला आवाज आपल्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जातो, तो कोण, कुठे, कसा ऐकेल यावर आपला ताबा उरत नाही, ही त्यांची अडचण असावी असं मला वाटतं. नकार देण्याइतकी त्यांची पत होती, म्हणून त्यांनी तो दिला.

ज्यांची तशी पत नव्हती, त्यांचा आवाज निराळ्या कामासाठी मुद्रित झाला. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाला जोडून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत प्रांतोप्रांतीच्या बोलींच्या तबकड्या तयार झाल्या. त्यासाठी अनेकांकडून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत वदवून घेतली गेली. बोलणारा तिथे माणूस म्हणून नव्हे, नमुना म्हणून उभा होता. याच सर्वेक्षणाने छत्तीसगढीला पूर्वी हिंदीच्या खंडात बसवलं, आणि बस्तरच्या हलबीला मराठीच्या.

रायपुरात राहून मराठी बोलणाऱ्या मला हे वर्गीकरण जिव्हाळ्याचं वाटतं, कारण आमचीही जागा अशीच सीमेवरची. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य छत्तीसगढात आलं, पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले, आणि त्यानंतर दोन शतकं मराठी कुटुंबं इकडे येत राहिली. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. ज्यांच्या घरी मराठी होती, त्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढलं ते हिंदीत, आणि टिळकांचं 'गीतारहस्य'ही त्यांनी हिंदीत नेलं. बाहेर हिंदी आणि घरात मराठी, ही विभागणी तेव्हापासूनची.

म्हणूनच आमच्यापैकी कुणी रेकॉर्डिंग ऐकलं की आवाज नावडण्याआधी भाषा खटकते. 'करून राहिले' कानावर येतं, भाजीची 'सब्जी' झालेली कळते, वाक्याचा हेल हिंदी असल्याचं ध्यानात येतं. बोलताना यातलं काहीच ऐकू येत नाही, कारण बोलताना आपण अर्थ ऐकतो. यंत्र अर्थ बाजूला ठेवून हेल दाखवतं. १९६० च्या दशकात फिलिप होल्झमन आणि क्लाइड राउसी या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच मांडलं: रेकॉर्डिंग ऐकताना माणूस केवळ वेगळ्या आवाजाने दचकत नाही, तर जे सांगायचं नव्हतं तेही आवाजातून बाहेर पडल्याने दचकतो. दोन भाषा बोलणाऱ्यांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात, मागाहून शिकलेल्या भाषेतल्या आवाजापेक्षा मातृभाषेतला स्वतःचा आवाज लोकांना अधिक अस्वस्थ करून गेला.

मला हे पटतं. हिंदीतलं माझं रेकॉर्डिंग मी निवांत ऐकतो, मराठीतलं ऐकताना अंग चोरतो. इथल्या आजी-काकूंना 'जुन्या गोष्टी सांगा, रेकॉर्ड करतो' म्हटलं की उत्तर येतं, 'आमची कसली मराठी, पुण्याच्या कुणाला विचार.' केसरबाईंच्या नकारात स्वतःच्या आवाजाची किंमत होती. या नकारात तो आवाज कमी दर्जाचा, हे आधीच मान्य केलेलं असतं.

रायपुरातच याच्या उलट अनुभवही आहे. १९६३ साली इथे आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि देहाती म्हणून हिणवली जाणारी छत्तीसगढी रेडिओतून घराघरांत बोलू लागली. यंत्रातून आलेली आपली बोली लोकांनी आवडीने ऐकली, आणि ऐकता ऐकता तिच्याबद्दलचा संकोच सैल झाला. सवयीने आरशातला चेहरा आवडतो, तशीच सवयीने बोलीही.

पुण्याची मराठी पुस्तकांत आहे, चित्रपटांत आहे. तिला माझ्या फोनची गरज नाही. 'करून राहिले'वाली रायपूरची मराठी मात्र बोलणाऱ्यांच्या तोंडीच आहे, आणि ते बोलणारे ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी तोंड वाकडं केलं तरी चालेल. रेकॉर्डिंग तेवढं बंद करायचं नाही.