नोंद कोणाच्या हाती? : नाशिक लेण्यांतील निबंध-व्यवस्था आणि संगणकीय ऑडिट लॉग

एखादा व्यवहार कोणी, केव्हा व कोणाच्या आज्ञेने केला, हे पुढे सिद्ध कसे करावयाचे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजेच पांडवलेण्यांत, कोरलेले आहे. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतील लेखानुसार गौतमीपुत्र सातकर्णीने राज्यवर्ष १८ मध्ये गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालितास आज्ञा केली, की पूर्वी ऋषभदत्ताच्या उपभोगात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे आणि त्याची नोंद करावी. लेखाचा शेवट अधिक बोलका आहे. एमिल सेनार यांच्या वाचनाप्रमाणे आज्ञा तोंडी झाली, ती अमात्य शिवगुप्ताने लिहिली, महास्वामिकांनी जतन केली आणि दस्त तापसाने पुरा केला. जोडीला ऋतू, पक्ष व दिवस आहेत.

सहा वर्षांनी हे दान निष्फळ ठरल्याचे दिसते, कारण शेत पडीक होते व गावही ओस होते. तेव्हा वर्ष २४ मध्ये १०० निवर्तने दुसरी जमीन देण्यात आली. तथापि जुना लेख पुसला गेला नाही. नवा लेख त्याला जोडून कोरला गेला. या दुसऱ्या लेखात दस्त झाल्याची व निबंध नोंदल्याची तिथी वेगवेगळी दिली आहे. दहाव्या लेण्यातील वर्ष ४२ च्या लेखातही नहपानाचा जावई ऋषभदत्त आपल्या ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची घोषणा निगमसभेत झाल्याचे व तिचा निबंध फलकावर नोंदल्याचे सांगतो. प्राचीन भारतात सर्व काही होते, असा दावा येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की आज्ञा देणारा, लिहिणारा, जपणारा आणि पूर्ण करणारा या व्यक्ती भिन्न होत्या.

संगणकाच्या क्षेत्रात या विचाराला औपचारिक रूप फार उशिरा मिळाले. अमेरिकी हवाई दलासाठी १९७२ मध्ये सुरक्षाविषयक अहवाल लिहिणाऱ्या जेम्स अँडरसन यांनी १९८० मध्ये ऑडिट नोंदींवरून गैरवापर ओळखण्याची पद्धत मांडली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८३ च्या, व १९८५ मध्ये सुधारलेल्या, 'ऑरेंज बुक' या निकषग्रंथाने सी२ श्रेणीच्या प्रणालीकडून प्रत्येक घटनेची तारीख व वेळ, वापरकर्ता, घटनेचा प्रकार आणि यशापयश यांची नोंद मागितली. ही नोंद फेरफारापासून व नाशापासून सुरक्षित असावी, अशीही अट होती. रकाने जवळजवळ तेच, जे शिवगुप्ताने भरले होते. लिनक्सच्या गाभ्यात ऑडिट व्यवस्था २००४ च्या सुमारास आली.

अडचण मात्र महास्वामिकांच्या जागी येते. संगणकात लिहिणारा व जपणारा बहुधा एकच असतो, तो म्हणजे व्यवस्थापक. त्याच्या हाती लॉग बंद करण्याचे व पुसण्याचे अधिकार असतात. प्रणालीकारांनी यावर काही उपाय योजले. विंडोजमधील सुरक्षा लॉग पुसल्यास 'लॉग पुसला' ही नोंद पुसणाऱ्याच्या नावासह मागे राहते. लिनक्समध्ये ऑडिटचे नियम कुलूपबंद करता येतात. मग संगणक पुन्हा सुरू केल्यावाचून ते बदलत नाहीत. जागा भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहाव्यात की यंत्रच थांबवावे, हेही आधी ठरवून ठेवावे लागते. बहुतेक ठिकाणी पहिला पर्याय निवडला जातो आणि महिन्यांपूर्वीचा पुरावा निमूटपणे नाहीसा होतो. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी लॉग १८० दिवस जपणे व संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे बंधनकारक केले. तिथीविना दस्तास अर्थ नाही, हे यातून पुन्हा मान्य झाले.

महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. गुण भरणारे तिघे एकाच संकेतशब्दाने प्रवेश करीत असतील, तर लॉगमध्ये तिघांचे एकच नाव उमटते. गुण बदलल्याची तक्रार आली असता विद्यार्थ्याला न्याय मिळत नाही, आणि निर्दोष लिपिकालाही आपले निर्दोषत्व दाखविता येत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे आणि गुणबदलाच्या नोंदी त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठविणे, यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. ते दुसरे यंत्र मात्र परीक्षा विभागाच्या नव्हे, तर ग्रंथालयाच्या किंवा लेखा विभागाच्या ताब्यात असावे लागेल.