शिक्षकभरती (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा, महानगरपालिका, नगरपालिका आणि खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या रिक्त जागा भरण्याची शासननियंत्रित पद्धत. या मार्गाने येणारा उमेदवार आधी तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काम करतो आणि ती मुदत समाधानकारक पार पडल्यावर नियमित वेतनश्रेणीत जातो.

पात्रता : पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. (पूर्वीची डी.एड.) ही पदविका लागते. बी.एड. झालेल्यांना प्राथमिक वर्गांवर घ्यावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिटवला. बी.एड. ही प्राथमिकसाठीची पात्रता नव्हे, असा तो निकाल आहे. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही (टीईटी) आवश्यक आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा डिसेंबर २०१३ पासून घेते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या गटाला १५० पैकी ९० गुण मिळवावे लागतात. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून ते आजीवन करण्यात आले. त्याच वर्षाअखेर या परीक्षेतील गुणवाढीचा घोटाळा उघडकीला आला आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. अभ्यास करून उत्तीर्ण झालेल्यांच्या प्रमाणपत्राकडेही त्यामुळे काही काळ संशयाने पाहिले गेले. घोटाळ्याची ही हानी कुठल्याही आकड्यात मोजली गेलेली नाही.

टीईटीने माणूस पात्र ठरतो, निवड मात्र ‘टेट’च्या, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, २०० गुणांवर होते. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. उमेदवार भरतीच्या ‘पवित्र’ या शासकीय पोर्टलवर पसंतिक्रम भरतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत मुलाखत नसते. खासगी संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीविना असे दोन्ही पर्याय आहेत. नोकरीसाठी संस्थेला पैसे मोजावे लागण्याच्या जुन्या दुखण्यावर गुणांवरची ही निवड हा उपाय होता. मुलाखतीविना भरतीत तो बऱ्याच अंशी लागू पडला. गरीब घरातील हुशार मुलीला ओळखीपाळखीविना शाळेत रुजू होता येते, हे या पद्धतीचे खरे मोल आहे.

जागा कशा ठरतात : शिक्षक होऊ पाहणाऱ्याने परीक्षेइतकीच संचमान्यता समजून घ्यायला हवी. तीत दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. पुढे साधारण ३० मुलांमागे एक, तर उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक असे प्रमाण आहे. पट घटला की पद जाते आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होईपर्यंत नव्याला जागा मिळत नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत कागदोपत्री विद्यार्थी मोठ्या संख्येने सापडले. अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनासाठी मे २०१२ मध्ये नवी भरतीच थांबवण्यात आली. प्राथमिकची मोठी भरती २०१० मध्ये झाली होती. पवित्र पोर्टलवरची पहिली निवडयादी त्यानंतर थेट ऑगस्ट २०१९ मध्ये लागली आणि पुढची मोठी फेरी २०२४ मध्ये निघाली. तिच्या जाहिरातींत सुमारे २१ हजार जागा होत्या. मधल्या वर्षांत पदविका घेऊन बसलेल्या अनेकांची वयोमर्यादा उलटली. गावोगावची डी.एड. कॉलेजे विद्यार्थ्यांअभावी बंद पडली, त्यामागचे मोठे कारण हेच. तेव्हा यंदा किती जागा निघाल्या एवढेच पाहून पदविकेला प्रवेश घेणे धोक्याचे आहे. आपल्या जिल्ह्यातील पट, निवृत्त होणारे शिक्षक, आरक्षणाची बिंदुनामावली आणि विषय यांवर नजर ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

मानधन व वेतन : शिक्षणसेवक योजना २००० मध्ये आर्थिक भार कमी करण्यासाठी आली. प्राथमिकला सुरुवातीस दरमहा ३,००० रुपये मिळत, पुढे ६,००० झाले. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये मिळतात. नियमित झाल्यावर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन अनुक्रमे २९,२००, ३८,६०० आणि ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. काम पहिल्या दिवसापासून पूर्ण शिक्षकाचे असते. पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे, निवडणुकीची ड्युटी यांतून शिक्षणसेवकाला सूट नाही. घरापासून दूरच्या तालुक्यात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याला या रकमेत घरी काही पाठवणे कठीण जाते. एकाच कामाला तीन वर्षे कमी मोबदला देण्याचे समर्थन करता येत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्नही मार्च २०२३ च्या संपात प्रखरपणे पुढे आला.

अन्य वाटा : विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत जागा सहज मिळतात, पण पगार व सुरक्षितता दोन्ही संस्थेच्या मर्जीवर असतात. ‘कायम विनाअनुदानित’मधील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. तरीही अशा शाळांतील शिक्षक टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसत आले. कनिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर कामे मिळतात, मात्र तिथे शिकवलेल्या तासांचेच पैसे हाती येतात आणि सुट्टीचे महिने कोरडे जातात.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण परीक्षेविना त्यांना पदोन्नती मिळणार नाही.